क्रॉसमॅच जुळत नाही, तिथून पुढे

प्रश्न असा आहे: "पुण्यात बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करतेय, शेवटचं सेमिस्टर चालू आहे. मामेभावाला थॅलेसेमिया मेजर आहे. त्याच्याबरोबर डे केअरला जाता जाता या विषयाची गोडी लागली. रक्तसंक्रमण आणि तांबड्या पेशींचे आजार यांवर संशोधन करायचंय. पण विभागातले सर म्हणतात, रक्तगट १९०१ मध्येच सापडले, आता तिथे काय उरलंय? कॅन्सर घे नाहीतर जीन एडिटिंग घे. यात खरंच करिअर होतं का? आणि सुरुवात कुठून करू?"

तुला एकेरीत लिहितेय. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली साधारण तुझ्याच वयाच्या असतात.

करिअरचं सांगण्याआधी एक काम. तू थॅलेसेमियाची वाहक आहेस का हे सांगणारी एचबी ए-टू तपासणी झाली आहे का? मामेभावाला मेजर आहे म्हणजे आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलंय, म्हणून मामा वाहक आहेच. याचा अर्थ तुझ्या आजी-आजोबांपैकी किमान एक जण वाहक. त्या हिशेबानं तुझी आई वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि तुझी पाव. साधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करून घे, आईचीही कर. वाहकाला त्रास काही नसतो, पण लग्नाच्या वेळी समोरचाही वाहक निघाला तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला मेजर होण्याचा पंचवीस टक्के धोका असतो. रोज रक्ताबद्दल बोलणाऱ्या घरांतसुद्धा ही तपासणी चुलत-मामे भावंडांपर्यंत पोचलेली नसते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता नातेवाइकांची यादी आधी मागते आणि बाकीचं नंतर बोलते.

आता तुझ्या सरांचं म्हणणं. लँडस्टायनरनं ए, बी, ओ गट १९०१ मध्ये मांडले हे खरं. पण 'झालं, संपलं' असं म्हणायचं तर मग १९५२ मध्ये परळच्या केईएममध्ये काय झालं? डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया यांच्यासमोर अशी माणसं आली की ज्यांच्या पेशींवर ए नाही, बी नाही, म्हणजे हिशेबानं ओ. तरी ओ गटाचं रक्त त्यांना जुळेना. इंग्लंडमधल्या सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्याबरोबर मिळून त्यांनी त्याच वर्षी 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध केलं. तोच बाँबे रक्तगट. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो एच नावाचा घटकच या लोकांत तयार होत नाही. ओ गटाच्या पेशींवर तर एच भरपूर असतो. त्यामुळे त्यांच्या प्लाझ्मातली, म्हणजे रक्ताच्या द्रव भागातली, अँटी-एच (एचविरुद्धची अँटीबॉडी) ओ पेशींवरही तुटून पडते. हे नेमकं कोणत्या जनुकातल्या कोणत्या बदलामुळे होतं, ते स्पष्ट व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. भारतीय बाँबे गटात एफयूटी-१ जनुकात एका अक्षराचा बदल आणि शेजारचं एफयूटी-२ जनुक पूर्ण गायब, अशी जोडी सापडली. म्हणजे रक्तपेढीच्या टेबलावर दिसलेल्या एका गोष्टीचं पूर्ण उत्तर मिळायला चार दशकांहून जास्त काळ गेला.

आणि हे जुनं झालं म्हणतील तर अगदी अलीकडचं घे. एएनडब्ल्यूजे नावाचं अँटिजेन (तांबड्या पेशीवरची ओळखखूण) नसलेला एक नमुना १९७२ मध्ये सापडला होता. त्यामागचं जनुक एमएएल आहे हे ब्रिस्टलच्या लोकांनी २०२४ मध्ये दाखवलं आणि नवा रक्तगट समूह जाहीर झाला. कर्नाटकातल्या एका रुग्ण महिलेच्या नमुन्यावरून क्रोमर समूहातलं एक नवं अँटिजेन ओळखलं गेल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं. तिला कुठलंच रक्त जुळत नव्हतं, घरच्यांचंही नाही. त्याचं नाव 'क्रिब' ठेवलंय: क्रोमर, इंडिया, बंगळुरू. आज मान्यता असलेले रक्तगट समूह पंचेचाळीसच्या पुढे गेलेत. तुझ्या सरांना हे सांगू नकोस, उगाच वाद होईल. तू लक्षात ठेव म्हणजे झालं.

यातल्या प्रत्येक शोधाची सुरुवात एकाच जागी झाली आहे: कुणीतरी क्रॉसमॅच लावला, म्हणजे रुग्णाचा प्लाझ्मा आणि दात्याच्या पेशी एकत्र करून पाहिल्या, आणि तो जुळला नाही. तुला मुख्यतः हेच सांगायचंय. या विषयात प्रश्न रक्तपेढीच्या टेबलावर जन्मतो. जनुकं वाचणारा सीक्वेन्सर, पेशी तपासणारा फ्लो सायटोमीटर, जनुकं बदलणारं क्रिस्पर हे सगळं त्यानंतर कामाला येतं. ज्यांनी टेबल पाहिलेलं नाही असे हुशार संशोधक मी पाहिलेत. ते उत्तम यंत्र घेऊन दुसऱ्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देत बसतात.

एक नमुना जवळून दाखवते. आठ-नऊ वर्षांची मुलगी, थॅलेसेमिया मेजर, दर तीन आठवड्यांनी रक्त. आई म्हणते, "मॅडम, या वेळी चढवलेलं रक्त टिकलंच नाही, आठ दिवसांत पोरगी पिवळी पडली." मागच्या वेळचा क्रॉसमॅच व्यवस्थित जुळला होता, कागद स्वच्छ आहे. अशा वेळी आपण नवा नमुना घेतो आणि तीन पेशींचं स्क्रीनिंग लावतो, म्हणजे अँटिजेन माहीत असलेल्या तीन दात्यांच्या पेशींशी तिचा प्लाझ्मा पडताळतो. जेल कार्डाच्या सहा बारीक नळ्या असतात. वर पेशी आणि प्लाझ्मा टाकायचा, सदतीस अंशांवर पंधरा मिनिटं ठेवायचं, मग कार्ड फिरवायचं. पेशींवर अँटीबॉडी नसेल तर त्या जेलमधून सरळ खाली उतरतात आणि तळाशी लाल ठिपका बसतो. अँटीबॉडीनं पेशी एकमेकींना चिकटल्या असतील तर त्या वरच अडकतात आणि लाल पट्टी दिसते. तशाच अकरा दात्यांच्या पेशींचं पॅनेल लावलं की कोणत्या नळ्यांत पट्टी आहे आणि कोणत्या नळ्यांत ठिपका, हे अँटिजेनच्या तक्त्याशी ताडून बघायचं.

या मुलीच्या बाबतीत समज की उत्तर आलं अँटी-जेकेए, म्हणजे किड नावाच्या रक्तगट समूहातल्या अँटिजेनविरुद्धची अँटीबॉडी. ही अँटीबॉडी महालबाड असते. एकदा तयार होते, मग काही महिन्यांत इतकी कमी होते की स्क्रीनिंगमध्ये दिसतच नाही. क्रॉसमॅच जुळतो, रक्त जातं आणि शरीराला जुनी ओळख आठवते. चार-आठ दिवसांत अँटीबॉडी पुन्हा उसळते आणि चढवलेल्या पेशी फुटायला लागतात. बाटली लावताना काहीच होत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. फक्त हिमोग्लोबिन पडतं, आणि घरचे म्हणतात रक्तच खराब होतं.

आता बघ, या एका नमुन्यात किती प्रश्न आहेत. पहिली अँटीबॉडी कधी तयार झाली? तेव्हा ही मुलगी कुठल्या रक्तपेढीतून रक्त घेत होती? मे महिन्यात शिबिरं बंद, कॉलेजं बंद, साठा आटतो आणि पालक शहरभर फिरतात. गणेशोत्सवात आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या हंगामात मात्र पिशव्या ठेवायला फ्रीज पुरत नाही, आणि तांबड्या पेशी सॅगम या साठवणीच्या द्रवात ठेवल्या तरी बेचाळीस दिवसांच्या वर टिकत नाहीत. चार पेढ्यांतून रक्त घेतलेल्या मुलीची अँटीबॉडीची नोंद एका पेढीच्या रजिस्टरमध्ये असते आणि बाकी तिघींना तिचा पत्ता नसतो. काही मुलांत अँटीबॉडी का होतात आणि तितकंच रक्त घेतलेल्या दुसऱ्या मुलांत का होत नाहीत, याचं समाधानकारक उत्तर जगात कुणाकडेच नाही. पहिलं रक्त कोणत्या वयात गेलं, प्लीहा काढली आहे का, तेव्हा अंगात ताप-संसर्ग होता का, या सगळ्याचा संबंध असावा असं दिसतं. पण नीट नोंदी ठेवून वर्षानुवर्षं मागोवा घेणारं काम आपल्याकडे थोडंच आहे. आपल्याकडचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे भारतीयांत आरएचचा डीसीई-डीसीई (DCe/DCe) हा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो. अशा माणसाच्या पेशींवर लहान सी आणि मोठा ई नसतो, म्हणून नेहमी रक्त घेणाऱ्या आपल्या मुलांत या मोठ्या ई आणि लहान सी विरुद्धच्या अँटीबॉडी वरचेवर भेटतात. सुरुवातीपासून आरएच आणि केल हे दोन समूह जुळवून रक्त दिलं तर हे बरंचसं टळतं. ते परवडतं का, कोणत्या मुलांना आधी द्यावं, पुण्यातल्या दात्यांत असे दाते किती मिळतील, हे सगळं अभ्यासाचंच आहे.

पॅनेलच्या पेशींचीही एक गोष्ट आहे. आपण विकत घेतो ती पॅनेलं बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या दात्यांच्या पेशींपासून बनलेली असतात, महिना-दीड महिन्यात मुदत संपते, आणि किंमत ऐकून प्रशासनाचा चेहरा पडतो. शिवाय भारतीयांत सापडणारी काही अँटिजेन त्यांच्यात नसतात. 'इंडियन' नावाच्या रक्तगट समूहातलं आयएनए हे अँटिजेन मुंबईच्याच भाटियांच्या चमूनं १९७३ मध्ये जगापुढे मांडलं. आपल्याकडे शंभरात तीन-चार जणांत ते असतं, युरोपीय लोकांत जवळजवळ नसतंच. म्हणजे आयएनए विरुद्धची अँटीबॉडी रुग्णात असेल तर परदेशी पॅनेल गप्प राहणार आणि पेढीतली पिशवी मात्र जुळणार नाही. स्थानिक दात्यांकडून पॅनेल तयार करणं हे ऐकायला किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात त्यासाठी शेकडो दात्यांचं विस्तृत टायपिंग करावं लागतं, त्यांना टिकवून ठेवावं लागतं. एका पीएचडीचं आयुष्य त्यात सहज जाईल, आणि त्याचा उपयोग तुझ्या शोधनिबंधाच्या वाचकांपेक्षा खूप जास्त लोकांना होईल.

अलीकडे टेबलावर नवाच पाहुणा येऊ लागलाय: मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना मिळणारं डॅराट्युम्युमॅब हे औषध. हे औषध सीडी-३८ या प्रथिनाला चिकटतं आणि ते प्रथिन तांबड्या पेशींवरही थोडंसं असतं. मग होतं काय, अकराच्या अकरा पेशी पॉझिटिव्ह, कुठलीच पिशवी जुळेना, तंत्रज्ञ घामाघूम. उपाय म्हणून पॅनेलच्या पेशींना डीटीटी या रसायनानं धुतात, त्यानं सीडी-३८ मोडतं. पण त्याच रसायनानं केल अँटिजेनही मोडतात, म्हणून रुग्णाला केल-निगेटिव्ह रक्त देतात. ऑन्कॉलॉजिस्टनं फॉर्मवर औषधाचं नाव लिहिलं तर अर्ध्या दिवसाचं काम वाचतं. ते लिहीत नाहीत. असो.

आता तांबड्या पेशींच्या आजारांकडे येते. तुझ्या प्रश्नात तू दोन विषय लिहिलेत, पण ते एकाच पेशीच्या दोन बाजू आहेत. रक्तगट म्हणजे शेवटी पेशीच्या पटलावरची प्रथिनं आणि साखरा. तीच बिघडली की पेशीचा आकार किंवा आयुष्य बिघडतं. डिएगो गट ज्या बँड-३ प्रथिनावर असतो, त्याच्या दोषानं स्फेरोसायटोसिस होतो, म्हणजे पेशी गोळीसारख्या होतात. गेर्बिश गट ग्लायकोफोरिन सी वर असतो, ते नसलं तर पेशी लांबट होतात. २०२२ मध्ये ज्याला रक्तगट समूह म्हणून मान्यता मिळाली तो 'ईआर' ज्या पीझो-१ प्रथिनावर असतो, त्यातल्याच बदलांमुळे पेशीतलं पाणी कमी होऊन झीरोसायटोसिस होतो.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण केएलएफ-१ चं आहे. रक्तपेढीत काही दात्यांची लुथेरन समूहातली अँटिजेन जवळजवळ दिसेनाशी असतात. पूर्वी त्याची नोंद फक्त एक विचित्र गट म्हणून व्हायची. २००८ मध्ये कळलं की त्यांच्यातल्या बहुतेकांत केएलएफ-१ या नियंत्रक जनुकात बदल असतो. हेच जनुक हिमोग्लोबिनवरही लक्ष ठेवतं. म्हणून अशा लोकांत गर्भातलं हिमोग्लोबिन एफ थोडं वाढलेलं सापडतं आणि एचबी ए-टू सीमारेषेवर. थॅलेसेमिया आणि सिकलसेल दोन्हीत एचबी एफ वाढणं रुग्णाच्या फायद्याचं असतं. रक्तगटाच्या टेबलावरची एक विक्षिप्त नोंद अशी थेट उपचाराच्या दाराशी येऊन उभी राहते.

सीमारेषेवरच्या ए-टू चा प्रश्न तर खास पुण्याचा आहे. वाहक ओळखायला आपण ए-टू चार टक्क्यांच्या वर बघतो. लोहाची कमतरता असली की ए-टू खाली येतं. बी-१२ ची कमतरता असली की ते वर जाऊ शकतं. आता पुण्याच्या केईएममध्ये डॉ. याज्ञिकांच्या चमूनं नव्वदच्या दशकापासून आसपासच्या गावांतल्या मातांचा जो अभ्यास केला, त्यात बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणात दिसली. लोहाची कमतरता तर घरोघर. म्हणजे पिंपरी कॅम्पातल्या सिंधी कुटुंबातली गरोदर बाई ए-टू ३.६ घेऊन आली तर तिला काय सांगायचं? वाहक आहे की नाही? औषध देऊन तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला गरोदरपणात वेळ नसतो. नवऱ्याची तपासणी करतो आणि गरज पडली तर दोघांची जनुकीय चाचणी. सिंधी आणि लोहाणा समाजांत जनुकातला ६१९ अक्षरांचा तुकडा गळालेला प्रकार बराच सापडतो, इतरत्र आयव्हीएस १-५ नावाचा बदल सगळ्यात जास्त. कोणाची जनुकीय चाचणी करायची आणि कोणाची नको, याचा पुण्याच्या रुग्णांवर तपासून पाहिलेला साधा, स्वस्त नियम मला कुणी दिला तर मी त्याला पेढ्यांचा पुडा घेऊन जाईन. चितळ्यांचा.

सिकलसेलबद्दल तुझ्या पाठ्यपुस्तकात एक वाक्य असेल: भारतीय सिकलसेल सौम्य असतो, कारण आपल्याकडच्या अरब-इंडियन हॅप्लोटाइपमध्ये (जनुकाच्या आसपास एकत्र येणाऱ्या खुणांच्या संचात) एचबी एफ जास्त असतं. ते वाक्य जपून वाच. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. विदर्भातली नोंद नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये केली. पुढे नागपूरच्याच डॉक्टरांनी दाखवलं की विदर्भातल्या अनेक मुलांना वरचेवर वेदनेचे झटके येतात, इस्पितळात राहावं लागतं, रक्त लागतं. त्यांच्यासाठी 'सौम्य' हा शब्द अन्यायाचा आहे. जनुक एकच, हॅप्लोटाइप एकच, तरी नंदुरबारचा मुलगा आणि नागपूरची मुलगी वेगळ्या का वागतात? सोबत अल्फा थॅलेसेमिया आहे का, जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता आहे का, मलेरिया किती, पोषण कसं, दवाखाना किती लांब? १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. तपासणी झाली की काम संपलं असं वाटू शकतं, पण संशोधकाचं काम तिथून सुरू होतं. चंद्रपूरला आयसीएमआरचं (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं) हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीचं केंद्र २०२२ पासून आहे, ते लक्षात ठेव.

तू भौतिकशास्त्राकडे झुकणारी असशील तर आणखी एक दार आहे. नार्ला मोहनदास हे नाव शोध. मूळचे केमिकल इंजिनिअर. सत्तरच्या दशकात पॅरिसला मार्सेल बेसी यांच्याबरोबर त्यांनी पेशी किती वाकते हे मोजणारं एक्टासायटोमीटर उभं केलं आणि पुढे न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये अनेक वर्षं काम केलं. आठ मायक्रॉनची पेशी प्लीहेतल्या एक-दोन मायक्रॉनच्या फटीतून पार व्हावी लागते, आणि तेही १२० दिवस पुन्हा पुन्हा. जी वाकत नाही ती तिथेच मरते. स्फेरोसायटोसिस, सिकल आणि फ्रीजमध्ये पाच आठवडे ठेवलेली पेशी, तिघींचं दुखणं या अर्थानं सारखं आहे. पाषाणला आयसर या विज्ञानसंस्थेत मऊ पदार्थांचं भौतिकशास्त्र करणारे लोक आहेत, गणेशखिंडला एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेत रक्ताच्या मूलपेशींवर बरीच वर्षं काम झालंय. रक्तपेढीतून मुदत संपलेल्या पिशवीतला नमुना तिथपर्यंत न्यायला रिक्षा पुरते. परवानगीचे कागद मात्र रिक्षानं जात नाहीत, त्याला सहा महिने धर.

जीन एडिटिंगबद्दल सरांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमियासाठी क्रिस्परवर आधारलेल्या पहिल्या उपचाराला ब्रिटननं नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली, अमेरिकेत किंमत बावीस लाख डॉलर ठेवली गेली. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकविज्ञान संस्थेनं सिकलसेलसाठी 'बिरसा १०१' हा क्रिस्पर उपचार विकसित केलाय आणि ते तंत्रज्ञान पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटकडे आलंय. त्यात जागा मिळाली तर जरूर जा. पण हा उपचार घेणाऱ्या रुग्णालाही आधी केमोथेरपी घ्यावी लागते, आणि नव्या पेशी रुजेपर्यंत रक्त नि प्लेटलेट लागतात. तोवर ज्याच्या अंगात चार अँटीबॉडी जमल्या असतील त्याला ते रक्त कुठून आणणार, हा प्रश्न पुन्हा आमच्याच टेबलावर येतो.

रुग्णांवरच्या चाचण्यांची शाखा मी थोडक्यात उरकते, कारण तिथे एमबीबीएस-एमडी लोकांचा वावर जास्त आहे. कॅनडात १९९९ मध्ये दाखवलं गेलं की अतिदक्षता विभागात बहुतेकांना हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावर रक्त दिलं तरी चालतं, दहावर धरून ठेवायची गरज नाही. २०१५ मध्ये दुसऱ्या मोठ्या चाचणीत दिसलं की अशा रुग्णांत ताज्या रक्ताचा मृत्यू टाळायला वेगळा फायदा नाही. तरी नातेवाईक खिडकीवर "ताजंच द्या" म्हणून भांडतात. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र शक्यतो दोन आठवड्यांच्या आतलं रक्त द्यावं, कारण तिथे चढवलेली पेशी जितके दिवस टिकेल तितकं पुढचं रक्त लांबतं, आणि प्रत्येक पिशवीबरोबर साधारण दोनशे मिलिग्रॅम लोह अंगात साचतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे खिडकीवर समजावणं अवघड जातं.

आता मार्ग. तू एमबीबीएस नाहीस, म्हणून ट्रान्सफ्यूजन मेडिसिनचा एमडी हा रस्ता तुला नाही. तुझ्यासाठी पीएचडी. सीएसआयआर-यूजीसी नेट, डीबीटीची बेट किंवा आयसीएमआरची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) या परीक्षांपैकी एक काढच. फेलोशिप स्वतःची असली की मार्गदर्शक निवडायचा हक्क तुझा राहतो. सध्या जेआरएफला महिना ३७,००० आणि वर घरभाडं मिळतं. पुण्यात एकटीचं भागतं, मुंबईत ओढाताण होते. या विषयातली आपल्या जवळची सगळ्यात महत्त्वाची संस्था परळची आयसीएमआर-एनआयआयएच ही रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था, केईएमच्याच आवारात. भाटियांनी १९५७ मध्ये उभ्या केलेल्या ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटरमधूनच ती वाढली. दुर्मिळ रक्तदात्यांची नोंदही तिथे ठेवली जाते. चंडीगडचं पीजीआय, लखनौचं एसजीपीजीआय आणि वेल्लोरचं सीएमसी यांचे विभागही तगडे आहेत. पुण्यात एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात रक्तसंक्रमणाचा स्वतंत्र विभाग आहे.

पण नेटचा निकाल लागेपर्यंत घरी बसू नकोस. एखाद्या मोठ्या रक्तपेढीत जाऊन सहा महिने काम कर, मानधन मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तरी. सुरुवातीला तुला नळ्या धुवायला आणि लेबलं लावायला लावतील. लाव. मग पेशी धुणं, पाच टक्क्यांचं सस्पेन्शन डोळ्यांच्या अंदाजानं करणं, नळी हलकेच तिरकी करत गुठळी सुटते की तुकडे पडतात हे वाचणं शिक. जेल कार्ड आलं म्हणून नळी सुटलेली नाही. अवघड अँटीबॉडी पुष्कळदा नळीतच कळते. रात्रपाळीचे तंत्रज्ञ तुला जे शिकवतील ते कुठल्याही वर्गात मिळणार नाही. त्यांना चहा पाज आणि जुनी रजिस्टरं बघायला माग. 'ओ, पण ओ शी जुळत नाही' अशा नोंदी त्यांत दबलेल्या असतात.

नोकरीचं गुळमुळीत न बोलता सांगते. कायम जागा कमी आहेत. बरेच जण तीन-तीन वर्षांच्या प्रकल्पांवर पाच-सात वर्षं काढतात. प्रकल्पाचा निधी उशिरा येतो आणि रिएजंटची मुदत त्याची वाट बघत नाही. खाजगीत निदान-किट बनवणाऱ्या कंपन्या, मोठ्या लॅबचे हिमोग्लोबिन आणि एचएलए (अवयव-मूलपेशी जुळवणीच्या तपासण्या) विभाग, आता जनुकीय उपचार बनवणारे, इथे जागा निघतात. टेबलाचं काम येणारा पीएचडी त्यांना सहज मिळत नाही, ही तुझी जमेची बाजू. परदेशी पोस्टडॉक केलंस तर ब्रिस्टल, न्यूयॉर्क, ॲमस्टरडॅम इथे भारतीय नमुन्यांना मागणी असते. म्हणूनच नमुना बाहेर पाठवताना कराराचा मसुदा स्वतः वाच, आणि तुझं नाव लेखकांत कुठे येईल हे आधी लेखी घे. नमुना भारतातला आणि शोध दुसऱ्यांचा, असं या विषयात पूर्वी झालेलं आहे.

मार्गदर्शकाकडे जाशील तेव्हा विषय विचारायच्या आधी या गोष्टी विचार: रुग्णांचे नमुने कुठून येणार आणि त्या रक्तपेढीशी करार झालाय का, नीतिसमितीची मंजुरी आली आहे की 'येईल', पहिल्या वर्षीचे रिएजंट कोणत्या प्रकल्पातून, आणि आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली. शेवटच्याचं उत्तर त्याच लॅबमधल्या मुलांना कँटीनमध्ये विचार. नमुने ठेवायच्या उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरला जनरेटरची जोडणी आहे का, हेही बघून ये. आणि परळला जायचं ठरलं तर होस्टेलची चौकशी प्रवेशाच्या आधी कर. पुण्याहून रोज ट्रेननं येऊन-जाऊन पीएचडी करायचा विचार असेल तर तो आजच सोड, कारण अवघड नमुने हमखास संध्याकाळी सहानंतर येतात.